मेउगांगच्या दिवशी तीन किलो

सऊदाचा मुलगा मलेशियाला गेल्याला सहा वर्षं झाली होती, आणि या सहा वर्षांत त्याने तिथे भलतीच प्रगती केली होती. पहिल्या वर्षी तो पेनांगच्या एका खानावळीत भांडी घासत होता. तिसऱ्या वर्षी आचारी झाला. पाचव्या वर्षी सऊदाने त्याला गल्ल्यावर बसवलं, आणि गेल्या साली तर त्याचं लग्नही जमवत आणलं होतं. पण शेजारणीने होणाऱ्या सुनेचा फोटो मागितला, तेव्हा मुलीकडच्यांचं काही खरं दिसत नाही असं सांगून तिला ते लग्न मोडावं लागलं.

खरं म्हणजे मुन्झीरने मलेशिया सोडाच, धड समुद्रही पाहिला नव्हता. तो ब्लांग राया गावाच्या मागच्याच डोंगरात होता, बंडखोरांबरोबर, खांद्यावर बंदूक घेऊन. हे सऊदाला माहीत होतं, शेजारणीला माहीत होतं, गावातल्या चौसष्टच्या चौसष्ट घरांना माहीत होतं. तरी भेटेल तो विचारायचा, "काय मा, मुन्झीर काय म्हणतो? तिकडे पाऊसपाणी बरं ना?" आणि सऊदा सांगायची, "बरं आहे, अल्लाची कृपा. पगार वाढलाय." विचारणाराही गंभीर, सांगणारीही गंभीर. नाटक मंडळींना महिनाभर तालीम करून जमलं नसतं इतकं चोख काम गाव सहा वर्षं करत होतं.

आणि आता ऑगस्टात तह झाला. दूर कुठल्याशा बर्फाच्या देशात दोन्ही बाजूंनी सह्या ठोकल्या. सप्टेंबरात पांढऱ्या गाड्यांतून परदेशी निरीक्षक आले आणि शहराच्या मैदानावर बंदुका करवतीने कापायला लागले. मुन्झीरचीही बंदूक कापली गेली. कागदावर तो मोकळा माणूस होता. पुलाजवळची लष्करी चौकीही रिकामी झाली होती. वाळूच्या पोत्यांमागे कुणाची तरी कोंबडी अंडी घालत होती. पण गावकरी मात्र अजून पुलावर आले की मोटारसायकल हळू करायचे, शिरस्त्राण काढायचे आणि मान खाली घालून त्या कोंबडीला वंदन करून पुढे जायचे.

याला कारण होतं. तीन वर्षांपूर्वीही असाच एक तह झाला होता. तेव्हा गावचे कारभारी हासबल्लाह यांनी मोठ्या हौसेने बोकड कापला, डोंगरातल्या पोरांना जेवायला बोलावलं, लांबलचक भाषण केलं. पाच महिन्यांत तह मोडला, आणि त्या जेवणावळीत कोण कोण होतं याची यादी कुणीतरी नीट लिहून ठेवली होती असं कळलं. त्या यादीपायी कारभाऱ्यांचे पुढचे दोन दात गेले आणि भाषणं करायची सवयही गेली.

या वेळी गावात बोकड कापला गेला नाही. त्याऐवजी युस्नियार आली.

युस्नियार सत्तावीस वर्षांची, शहरातली, चष्मा लावणारी, शिकलेली मुलगी. शांततेची माहिती द्यायला सरकारने नेमलेल्या एका केंद्रात ती कामाला होती. तिच्या साहेबाने नेमणुकीच्या पत्रात लिहिलं होतं की, तिचं काम म्हणजे शांतता कागदावरून लोकांच्या मनात उतरवणे. विधवेच्या घरात एक खोली रिकामी म्हणून तिची राहायची सोय सऊदाकडे झाली. पहिल्याच दिवशी तिने गावभर भित्तिपत्रकं चिकटवली. त्यांवर एक देखणं पांढरं कबूतर होतं आणि खाली मोठ्या अक्षरांत 'आता काळजी घेऊ या' असं लिहिलेलं होतं.

संध्याकाळपर्यंत गावातल्या सगळ्या कोंबड्या आणि बदकं गायब झाली.

"मा, लोक असे का करताहेत?" युस्नियारने बावचळून विचारलं. "मी समोरून गेले की बायका खुराडी झाकतात!"

"तुला नाही कळलं?" सऊदा हसून हसून बेजार झाली होती. "रेडिओवर महिनाभर पक्ष्यांच्या तापाचं चाललंय. लोकांना वाटलं, सरकारी बाई कोंबड्या मारायला आली. माझ्या पलंगाखाली बघ. शेजारणीची चार बदकं आहेत."

युस्नियारने डोक्याला हात लावला. पण पोरगी हार मानणारी नव्हती. दुसऱ्या दिवसापासून ती छापील अर्ज घेऊन घरोघर फिरू लागली. सऊदाला ती आवडली ती तेव्हापासून.

त्याच आठवड्यात रबराचा चीक काढणारा म्हातारा लेमान सऊदाच्या परसदारी येऊन उभा राहिला. तो रोज डोंगराच्या पायथ्याच्या बागेत जायचा, आणि सहा वर्षं 'मलेशियाचं टपाल' त्याच्याच डोक्यात यायचं. "मुन्झीरने विचारलंय, गाव काय म्हणतंय?" तो म्हणाला.

"गाव काय म्हणायचंय? त्याला सांग, आईने बोलावलंय."

"आईचं त्याला माहीत आहे. तो गावाचं विचारतोय. म्हणाला, मी उतरलो आणि लोकांनी मला बघून दारं लावली, तर आईला त्या गावात राहणं कठीण होईल. गाव ये म्हणत असेल तर मेउगांगला येतो. नाहीतर त्या दिवशी दुपारी तुनोंगच्या बाजारातून बंदरावर जाणारी गाडी आहे." लेमान घुटमळला. "खरंच मलेशियाला जातोय, मा. तिकिटाचे पैसे जमवलेत त्याने."

सऊदा मटकन पायरीवर बसली. सहा वर्षं ज्या थापेवर ती जगली, ती थाप आता खरी व्हायला निघाली होती. तिथे गेलेला पोरगा कधी परत येतो? तिकडेच बायको करतो, तिकडेच म्हातारा होतो. मेउगांगला तीन दिवस उरले होते. रमजान लागण्याआधीच्या त्या दिवशी झोपडीतसुद्धा मांस शिजतं आणि मुलगा कुठेही असो, आईकडे जेवायला येतो. सहा मेउगांग ती एकटी जेवली होती.

"सांगू काय त्याला?" लेमानने विचारलं.

"थांब म्हणावं. विचारून सांगते."

पण विचारायचं कसं, हे तिला समजेना. गावाला विचारायचं म्हणजे तोंडाने डोंगराचं नाव घ्यायचं, आणि ते तर कुणीच घेत नव्हतं.

दोन दिवसांनी युस्नियार अर्जांचा गठ्ठा घेऊन ओसरीवर बसली होती आणि तिचा चेहरा उतरला होता. "मा, चौसष्ट घरं झाली. सगळ्यांना एकच प्रश्न विचारला, डोंगरातून परत येणाऱ्यांना तुम्ही आपलं म्हणाल का?"

सऊदाच्या हातातला नारळ थांबला. "मग? काय म्हणाले?"

"सगळे म्हणाले, आमचं काही नाही हो, आम्ही आनंदाने म्हणू. पण बाकीचे लोक घाबरतात. बाकीच्यांना चालायचं नाही."

"सगळे?"

"एकूण एक. कारभारीसुद्धा. हे काय उत्तर झालं? साहेबांना काय कळवू मी?"

सऊदाने नारळ बाजूला ठेवला. तिला शाळा चौथीपर्यंतच माहीत होती, पण हिशेब तिला पटकन कळायचा. "पोरी, चौसष्ट घरं म्हणतात आम्ही तयार. आणि चौसष्ट घरं म्हणतात बाकीची त्रेसष्ट तयार नाहीत. मग ते बाकीचे राहतात कुठे?"

युस्नियारने चष्मा काढला, पुसला, परत लावला. "अगं बाई," ती म्हणाली.

"तुझ्या शाळेत शिकवलं नाही वाटतं हे?"

"शिकवलं होतं, मा. परीक्षेत आलं पण होतं. पण समोर आल्यावर ओळखलं नाही." मग ती एकदम उभी राहिली. "तुम्ही बोला! मी उद्या नमाजघरात सभा बोलावते, तिथे सगळ्यांसमोर तुम्ही सांगा."

"सभा?" सऊदाने नाक मुरडलं. "सभेत माणूस खरं बोलतो असं तुला कुणी सांगितलं? तिथे कारभारी खाकरणार, इमामसाहेब दुवा मागणार, सगळे माना डोलावणार आणि घरी जाऊन दाराला कडी लावणार. गावाला कानाने नाही कळत. गाव दुसऱ्याच्या पिशवीत बघतं."

हे तिने उगीच म्हटलं नव्हतं. इतक्या वर्षांत गावात सगळ्यात मोठी बातमी असायची ती मेउगांगच्या मांसाची. खाटीक तारमिझी पूर्वी प्रत्येकाला प्रेमाने विचारायचा, "घरात माणसं किती?" आणि त्याप्रमाणे तुकडा निवडून द्यायचा. लढाई पेटल्यावर याच प्रश्नाला धार आली. घरात माणसं तीन आणि मांस पाच किलो, तर मग उरलेलं कुठे जातं? रांगेतले सगळे कान टवकारायचे. म्हणून लोक भुकेपेक्षा कमीच मांस घ्यायला लागले. सऊदाचं माप ठरलेलं होतं, एका बाईला अर्धा किलो, तोही हाडांसकट.

मेउगांगच्या सकाळी बाजारात बांबूच्या मांडवाखाली रेडा कापून टांगलेला होता आणि रांग पुलापर्यंत गेली होती. सऊदाने जाणूनबुजून गर्दीची वेळ निवडली. तिच्या मागे खुद्द कारभारी हासबल्लाह टोपी नीट करत उभे होते. युस्नियार बाजूला होती. तिला वही उघडायची नाही अशी ताकीद मिळाली होती. 

"या मा," तारमिझी म्हणाला. "तुमचा अर्धा किलो बाजूला काढून ठेवलाय."

"तो दे कुणालातरी. मला तीन किलो दे. मांडीचं."

तारमिझीचा सुरा हवेतच राहिला. "तीन? घरात माणसं किती?" सवयीने त्याच्या तोंडून निघून गेलं, आणि मग त्याने जीभ चावली.

"मी, ही पोरगी, आणि माझा मुन्झीर."

रांगेतल्या सगळ्या माना वळल्या. तारमिझी भला माणूस. त्याने घाईघाईने तिला वाट काढून दिली. "अरे वा वा! मलेशियाहून येतोय होय? सुट्टी मिळाली वाटतं!"

आता नुसतं हो म्हटलं असतं तर भागलं असतं. सगळ्यांनी माना डोलावल्या असत्या, मलेशियाच्या पाऊसपाण्याची चौकशी केली असती, आणि मुन्झीर दुपारच्या गाडीने निघून गेला असता. 

"कसलं डोंबलाचं मलेशिया! डोंगरातून येतोय. सहा वर्षं तिथेच होता. तुला माहीत नव्हतं?"

"होतं," तारमिझी बारीक आवाजात म्हणाला.

"मग विचारतोस कशाला? काप."

 रांगेच्या टोकाला कुणीतरी खोकलं. सऊदाने वळून कारभाऱ्यांकडे पाहिलं. "कारभारी, तुमचं काही म्हणणं असेल तर आत्ता बोला. गाव काय म्हणतंय एवढंच विचारलंय त्याने. गाव नको म्हणत असेल तर तो कायमचा जाणार आहे."

हासबल्लाहांनी पुन्हा टोपी नीट केली. त्यांची जीभ दातांच्या रिकाम्या जागेत फिरताना दिसत होती. एका भाषणाची किंमत त्यांनी मोजली होती आणि दुसरं करायची त्यांची तयारी नव्हती. सऊदाला वाटलं, संपलं, आपण पोराला घालवलं. मग कारभाऱ्यांनी हातातली पिशवी उघडून तारमिझीच्या पुढे धरली.

"मला चार किलो घाल."

"चार? तुम्ही तर दोघंच..."

"माझा धाकटा भाऊ पण मलेशियात आहे ना." कारभाऱ्यांनी क्षणभर वाट पाहिली. "हिचं होतं तेच मलेशिया. याच रस्त्याने वर."

आधी कुणीतरी फिसकन हसलं. मग हसू रांगेतून पुलापर्यंत गेलं. बायका ओढणीने डोळे पुसत हसत होत्या. "माझा जावई पण तिथेच नोकरीला!" मागून कुणी ओरडलं. "माझा साडू!" "अहो, माझी तर सख्खी बहीण आहे, आणि तुम्ही सगळे तिला क्वालालंपूरला धाडून मोकळे झालात!" सहा वर्षं गिळून धरलेली नावं एकेक करून मांडवाखाली बाहेर पडू लागली. तारमिझी दोन्ही हात वर करून ओरडला, "अरे बस करा! एवढी माणसं उतरली तर एका रेड्यात काय होणार? जा रे, कुणीतरी दुसरा आणा!" तुनोंगला मासे घेऊन निघालेला एक मासेवाला हे सगळं ऐकून इतका खूश झाला की स्वतःचे मासे विकायचं विसरून पंधरा मिनिटं तिथेच उभा राहिला, आणि मग उशीर झाला म्हणून भन्नाट वेगाने निघून गेला.

युस्नियारच्या साहेबाचा नेमका तेव्हाच फोन आला. पत्रकं किती वाटून झाली, असं तो विचारत होता. "साहेब, इथे मांस वाटणं चाललंय, नंतर बोलते," असं म्हणून तिने फोन बंद केला.

सऊदा घरी आली, मसाला वाटला, सिरका घातला, पातेलं चुलीवर चढवलं, आणि तेव्हा तिच्या ध्यानात आलं की गाव हो म्हणाल्याचं मुन्झीरला कुणी कळवलंच नाही. लेमान पहाटेच कुठेतरी गेला होता. तुनोंग अठरा किलोमीटर, आणि गाडी दुपारच्या नमाजानंतर सुटायची.

"मी मोटारसायकलने जाते," युस्नियार म्हणाली. "त्याचा फोटो द्या, शोधून काढते."

"फोटो नाही." सऊदा चुलीकडेच पाहत होती. "सगळे जाळले. घरझडतीत सापडतील म्हणून लहानपणीचेसुद्धा जाळले. आता तो कसा दिसतो ते मलाच नीट सांगता यायचं नाही, आणि अनोळखी हाकेला तो ओ द्यायचा नाही."

 युस्नियारने सऊदाच्या हातून डाव घेतला आणि ती मांस हलवू लागली. दुपारची बांग झाली, नमाज झाला. गाडीची वेळ टळून गेली.  एवढा मोठा धिंगाणा घालून शेवटी आपण सातवा मेउगांगही मुलाशिवायच जेवणार, असं सऊदाला वाटायला लागलं.

तेवढ्यात परसदारच्या केळींत खसफस झाली. दारात एक दाढीवाला, रोड, उन्हाने काळा पडलेला माणूस उभा होता, आणि त्याच्या हातात सुतळीला बांधलेलं ताजं मांस लोंबत होतं.

"मा," तो म्हणाला.

सऊदाने त्याला ओळखायला एक क्षणही लावला नाही. तिने त्याच्या तोंडावरून हात फिरवला, कान चाचपले, दाढी ओढली, आणि पहिलं वाक्य बोलली ते असं: "तीन किलो मी आणलंय ना! आणि तू आणखी दोन उचलून आणलंस? खाणार कोण हे?"

"मुलाने आईला मेउगांगचं मांस आणायचं असतं, मा. मी तिकिटाच्या पैशांचं आणलं." तो पायरीवर बसला. "तुनोंगच्या बाजारात गाडीची वाट बघत होतो. तिथे एक मासेवाला सांगत होता, ब्लांग रायात एका बाईने अख्खा रेडा विकत घेतला कारभाऱ्यांना सगळ्यांदेखत झापलं, आणि आता अख्खं गाव डोंगरातल्या आपापल्या माणसांसाठी मांस घेतंय. मी विचारलं, बाई दिसायला कशी? तो म्हणाला, बुटकी आणि तोंडाळ. म्हटलं, म्हणजे आपलीच."

सऊदा हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. युस्नियार हळूच उठून आतल्या खोलीत गेली आणि तिथे तीही रडून घेऊ लागली.

"आता आधी काम," सऊदाने डोळे पुसून एका खोल वाडग्यात मांस वाढलं. "हे कारभाऱ्यांकडे नेऊन दे. आणि ऐक, परसातून नको. समोरच्या रस्त्याने जायचं."

मुन्झीरचा चेहरा पडला. इतकी वर्षं तो पायवाटांनी चालला होता. "लोक बघतील, मा."

"बघू देत. दिवसाउजेडी बघू देत. वाडगा सांडू नकोस."

तो गेला. सऊदा दाराआड उभी राहून ऐकत होती. कुठे कडी वाजते का, कुठे दार आपटतं का, याकडे तिचे कान लागले होते. पहिलं घर, दुसरं घर. एक दार करकरलं खरं, पण ते उघडल्यासारखं वाटलं. मग काहीच ऐकू येईना.

पाव तास झाला. अर्धा तास झाला. भात निवला. सऊदाने चार वेळा ताट वाढलं आणि चार वेळा झाकलं. तासाभराने तिचा धीर सुटला आणि ती अनवाणीच रस्त्यावर आली. पाहते तर कारभाऱ्यांच्या ओसरीवर ही गर्दी. मुन्झीर मधोमध बसला होता, त्याच्यापुढे मांसाच्या पाच-सहा वाट्या आणि बांबूतला चिकट भात, कारभारीणबाई त्याला आणखी वाढत होती, शेजारीण आपली वाटी पुढे सरकवत होती, आणि स्वतः हासबल्लाह उभे राहून चक्क भाषण करत होते.

सऊदाने कमरेवर हात ठेवले. सहा वर्षं तिने ते नाव कुजबुजत घेतलं होतं. आता तिने असा आवाज लावला की तो पुलापलीकडच्या कोंबडीलाही ऐकू गेला असावा.

"अहो, सोडा माझ्या मुन्झीरला! घरी पाठवा त्याला! सहा वर्षांनी आलाय माझा मुलगा, अन् आईच्या हातचा एक घास अजून त्याच्या पोटात गेला नाही!"

सगळ्यांनी वळून पाहिलं. मुन्झीर तोंडात घास असल्यामुळे नुसतेच हात हलवत होता.

"मा, तो काही इथून सुटत नाही आता," कारभारी ओरडले. "अजून दहा घरं थांबलीत रांगेत. तुम्हीच इकडे या. पातेलं घेऊन या!"

सऊदाने त्यांना चार शिव्या हासडल्या, आत जाऊन पातेलं फडक्यात धरून उचललं, युस्नियारच्या हातात भात दिला, आणि दार उघडंच टाकून दोघी निघाल्या.